एक्स-रे दुर्बिणीचे आरसे हलके करणं इतकं अवघड का?

तुमचा प्रश्न दुहेरी आहे: अवकाशातल्या एक्स-रे दुर्बिणींचे आरसे हलके करायला एवढी वर्षं का लागतात, आणि भारतात यातलं काही झालंय का?

पातळ आरसा बनवता येतो. तो आकार धरून ठेवत नाही, खरं दुखणं हे आहे.

एक्स-रे आरशावर सरळ पडले तर परत फिरत नाहीत, आत शिरून शोषले जातात. साधारण एक अंशाहून कमी कोनात, पृष्ठभागाला घासून गेले तरच परावर्तित होतात. म्हणून हा आरसा नळकांड्याच्या आकाराचा असतो आणि परावर्तन आतल्या बाजूने होतं. पुढचा भाग पॅराबोलाचा, मागचा हायपरबोलाचा. ही रचना जर्मन भौतिकशास्त्रज्ञ हान्स वोल्टर यांनी 1952 मध्ये मांडली.

1999 मध्ये सोडलेल्या नासाच्या 'चंद्रा' या एक्स-रे दुर्बिणीचा सगळ्यात बाहेरचा आरसा घ्या. त्याची लांबी 83 सेंटिमीटर, पण आकाशाच्या दिशेने त्याची जेमतेम 12 मिलिमीटर रुंदीची कडी दिसते. त्यामागे काचेची जाडी साधारण 2 सेंटिमीटर. म्हणजे प्रकाश गोळा करणाऱ्या जागेपेक्षा काचच जास्त जागा खाते! त्यामुळे एकात एक अशा पुढच्या-मागच्या आरशांच्या चारच जोड्या बसल्या आणि वजन टनाच्या घरात गेलं. पण त्या जाड काचेमुळेच अर्धा आर्कसेकंद इतकी स्पष्टता मिळाली (आर्कसेकंद म्हणजे अंशाचा 3600वा भाग; आकडा जितका लहान तितकं चित्र स्पष्ट), आणि तिला आजवर कुठल्याही एक्स-रे दुर्बिणीने मागे टाकलेलं नाही.

त्याच वर्षीच्या युरोपच्या 'एक्सएमएम-न्यूटन'ने दुसरी वाट धरली. निकेलची, अर्धा ते एक मिलिमीटर जाडीची नळकांडी, एकात एक बसणाऱ्या डब्यांसारखी 58, आणि अशा तीन दुर्बिणी. प्रकाश भरपूर मिळाला, स्पष्टता मात्र 15 आर्कसेकंदांच्या आसपास राहिली. 2012 च्या नासाच्या 'न्यूस्टार' दुर्बिणीत काच 0.2 मिलिमीटरवर आली आणि स्पष्टता एका आर्कमिनिटाजवळ, म्हणजे 60 आर्कसेकंदांजवळ गेली.

कारण असं, की जाडी निम्मी केली तर वाकण्याला होणारा विरोध एक-अष्टमांशावर येतो. आणि चूक किती चालते? 10 सेंटिमीटरच्या आरशाचं एक टोक अर्ध्या मायक्रॉनने कललं, की कोन 1 आर्कसेकंदाने चुकतो. परावर्तनात ती चूक दुप्पट होते.

मी धातूंचे पातळ थर चढवण्याचं काम करतो, त्यामुळे यातली एक अडचण रोज समोर असते. मायक्रोस्कोपसाठी वापरतात ती कव्हरस्लिप, म्हणजे पातळ काच, घ्या आणि तिच्यावर क्रोमियमचा काहीशे नॅनोमीटरचा थर स्पटर करा, म्हणजे निर्वातात धातूचे अणू उडवून चढवा. बाहेर काढून तिच्यात ट्यूबलाइटचं प्रतिबिंब बघा, वाकलेलं दिसेल. थर आतून आवळतो आणि काच त्याच्याबरोबर वाकते. एक्स-रे आरशाला सोनं किंवा इरिडियमसारखा जड धातू चढवावाच लागतो, त्यातून सुटका नाही. मग मागच्या बाजूला तितकाच ताण देणारा थर चढवून हिशोब जुळवावा लागतो. तो जुळला तरी चिकटवताना इपॉक्सी सुकली की आकसते, तो ताण वेगळाच.

मला सगळ्यात आश्वासक वाटतं ते नासाच्या गोडार्ड केंद्रातलं काम. त्यांनी एकस्फटिकी सिलिकॉन निवडलं. काच तासली की तिच्यातला दबलेला ताण मोकळा होतो आणि आकार बिघडतो. सिलिकॉनच्या एकसंध स्फटिकात असा ताण जवळपास नसतो. ठोकळ्यातून हव्या त्या वक्रतेचं मिलिमीटरपेक्षा पातळ पातं कापायचं, कापताना दुखावलेला वरचा थर आम्लाने काढायचा, मग पॉलिश. आधार फक्त चार बिंदूंवर. युरोपचा मार्ग वेगळा: 'न्यूअथेना' या नियोजित एक्स-रे दुर्बिणीसाठी चिप उद्योगातल्या वेफरना, म्हणजे सिलिकॉनच्या पातळ चकत्यांना, खाचा पाडून, वाकवून त्यांच्या थप्प्या रचतात. माझा कल गोडार्डकडे आहे, कारण तिथे प्रत्येक आरसा सुटा तपासता आणि दुरुस्त करता येतो.

आता भारत. 28 सप्टेंबर 2015 ला श्रीहरिकोट्याहून गेलेल्या भारतीय खगोल-उपग्रह 'अ‍ॅस्ट्रोसॅट'वरची सॉफ्ट (कमी ऊर्जेच्या) एक्स-रेंची दुर्बीण मुंबईत, कुलाब्याच्या टीआयएफआर या मूलभूत संशोधन संस्थेत घडली. अ‍ॅल्युमिनियमचे सोन्याचा मुलामा दिलेले 320 पातळ पत्रे आणि 2 मीटर नाभीय अंतर. खऱ्या वोल्टर वक्रांऐवजी तिथे साधे शंकू वापरले, आणि स्पष्टता सुमारे 2 आर्कमिनिटं. दीर्घिकांचे बारीक फोटो हवे असतील तर ती कमी पडते. एखाद्या कृष्णविवराचा प्रकाश छोट्या ठिपक्यात गोळा करून त्याचा वर्णपट काढायचा असेल तर मात्र ती पुरते, आणि तिचं मुख्य काम तेच होतं. यापुढे आपल्याला आर्कसेकंदाच्या जवळ जायचं असेल, तर पत्र्याकडून सिलिकॉनकडे वळावं लागेल, असं मला वाटतं. त्यासाठी पॉलिशिंग आणि मापन या दोन्ही सोयी आत्तापासून उभ्या करायला हव्यात.