पन्नास डॉलरची सदिच्छा आणि सातशेचा हप्ता

न्यू जर्सीतल्या एका वाचकाचं पत्र, थोडं आटोपशीर करून:

"मार्च २०१७ मध्ये एका रात्री पोटात असह्य दुखलं म्हणून इमर्जन्सी रूममध्ये गेलो होतो. तपासण्या झाल्या, अपेंडिक्स नव्हतं, सकाळी घरी सोडलं. नोकरीचा हेल्थ इन्शुरन्स होता. हॉस्पिटलचं ६१० डॉलरचं बिल आलं, ते मी भरलं. आता एका कलेक्शन एजन्सीचं पत्र आलं आहे: २,३४० डॉलर बाकी. पत्राला १९ दिवस झाले. फोनवरची बाई म्हणते, शुक्रवारपर्यंत १,१५० भरा, प्रकरण मिटवू. तेवढे नसतील तर सदिच्छा म्हणून आज ५० तरी भरा. आम्हाला घराचं कर्ज रीफायनान्स करायचं आहे, क्रेडिट खराब व्हायला नको. बचत खात्यात २,९०० आहेत, त्यांना हात लावायचा नाही. माझी आययूएल पॉलिसी (शेअर निर्देशांकाशी जोडलेला आयुर्विमा) आहे, महिना ७०० डॉलर, तीन वर्षं झाली. तिच्यासाठीच मी ४०१-के (नोकरीतलं निवृत्तीचं बचत खातं) बंद केला होता. तिच्यावर लोन काढून हे मिटवावं, असं एजंट सुचवतो. तो आमच्या मराठी मंडळातलाच मित्र आहे. लोन काढू, की नवीन एचएसए (उपचारांच्या खर्चासाठीचं बचत खातं) उघडून त्यातून भरू?"

शुक्रवारी काहीही भरू नका. ते ५० डॉलर तर मुळीच नकोत.

त्या बाईंना तुमच्या सदिच्छेशी काही देणंघेणं नाही. बिलाच्या वसुलीसाठी कोर्टात जायची मुदत प्रत्येक राज्यात ठरलेली असते. बहुतेक ठिकाणी ती तीन ते सहा वर्षं आहे, न्यू जर्सीत करारावरच्या देण्याला सहा. २०१७चं बिल केव्हाच त्यापलीकडे गेलं. पण अनेक राज्यांत थोडीशी रक्कम भरली किंवा "हो, देणं माझंच आहे" असं लिहून दिलं, की मुदत पुन्हा पहिल्यापासून मोजता येते. मेलेल्या देण्यात ५० डॉलरमध्ये प्राण फुंकून घ्यायचे असतील तर याहून स्वस्त उपाय नाही. फोनवर "बघतो, पुढच्या महिन्यात देतो" असंही म्हणू नका. खरं तर फोनवर बोलूच नका.

लिहा मात्र लगेच. १९७७च्या फेडरल वसुली कायद्यानुसार, एजन्सीचं पत्र मिळाल्यापासून ३० दिवसांत तुम्ही लेखी हरकत घेतली, तर पुरावा पाठवेपर्यंत त्यांना वसुली थांबवावी लागते. तुमचे १९ दिवस विचार करण्यात गेले, ११ उरले. हरकतीची शेवटची तारीख त्यांच्या पत्रातच छापलेली असायला हवी. ती छापलेलीच नसेल, तर समोर कोण आहे याचाच संशय घ्या. तुमचं पत्र चार ओळींचं असू द्या: हे देणं मला मान्य नाही, मूळ बिल कोणाचं, कोणत्या तारखेच्या कोणत्या सेवेचं, इन्शुरन्सने किती दिले आणि त्यानंतर व्याज-फी किती चढवली, याचा तपशील द्या, यापुढे फक्त पत्राने संपर्क करा. सर्टिफाइड मेलने पाठवा, पोचपावती जपून ठेवा. आपली दर्दभरी कहाणी त्यात लिहू नका. बँक खात्याचा नंबर कोणालाही देऊ नका.

आता "मी तर बिल भरलं होतं" याबद्दल. भरलं असणारच. पण इमर्जन्सी रूमच्या एका रात्रीची बिलं तीन-चार ठिकाणांहून येतात. हॉस्पिटलचं वेगळं, तिथल्या डॉक्टरांच्या ग्रुपचं वेगळं, सीटी स्कॅन वाचणाऱ्या रेडिओलॉजिस्टचं वेगळं, कधी लॅबचंही वेगळं. तुम्ही हॉस्पिटलचं भरलंत. माझा अंदाज असा, की डॉक्टरांच्या ग्रुपचं बिल तुमच्या जुन्या पत्त्यावर फिरत राहिलं, मग ते कोणाला तरी कवडीमोलाने विकलं गेलं आणि तिथून आणखी कोणाला.

याचा छडा लावायला २०१७च्या इन्शुरन्स कंपनीकडून त्या तारखेचे सगळे ईओबी, म्हणजे प्रत्येक क्लेमचा हिशेब दाखवणारे कागद, मागवा. त्यात "पेशंटने द्यायची रक्कम" अशी एक ओळ असते. एजन्सीच्या २,३४० पेक्षा मला त्या ओळीवर जास्त विश्वास आहे. डॉक्टर नेटवर्कमधला असेल आणि त्याच्या ग्रुपने क्लेम वेळेत पाठवला नसेल, तर इन्शुरन्सशी असलेल्या करारानुसार तो भुर्दंड सहसा त्यांचा असतो, तुमचा नाही. नेटवर्कबाहेरचा असेल, तर १ जानेवारी २०२२ पासून लागू झालेला अनपेक्षित बिलांविरुद्धचा फेडरल कायदा त्या रात्रीला लागू नाही. तो मागच्या तारखेने चालत नाही.

क्रेडिटची भीती सोडा. थकबाकीची नोंद साधारण सात वर्षांपलीकडे रिपोर्टवर ठेवता येत नाही. ती वर्षं उलटून गेली. शिवाय तिन्ही क्रेडिट ब्युरोंनी भरून टाकलेल्या मेडिकल कलेक्शनच्या नोंदी २०२२ मध्ये काढल्या आणि ५०० डॉलरच्या आतल्या २०२३ मध्ये. "आता मेडिकल देणं देशात कुठेच क्रेडिटवर येत नाही" असं मात्र कोणी सांगितलं तर ऐकू नका. तसा फेडरल नियम जानेवारी २०२५ मध्ये आला होता, जुलैमध्ये टेक्सासमधल्या फेडरल कोर्टाने तो रद्द केला. तिन्ही रिपोर्ट फुकट मिळतात. रीफायनान्सच्या आधी ते काढून बघा. जुनं देणं नव्या तारखेने चिकटवलेलं दिसलं, तर त्यावरही लेखी हरकत घ्या.

आणि ईओबीवरून पैसे खरोखर तुमच्याकडे निघाले तर? मुदत संपली म्हणून देणं पुसलं जात नाही, फक्त कोर्टाची वाट बंद होते. द्यायचे की नाही हे तुम्ही ठरवा. त्या डॉक्टरने रात्री दोन वाजता तुम्हाला तपासलं असेल आणि तुमच्या वाट्याचे २८० डॉलर राहिले असतील, तर मी देईन. पण २,३४० नाही, १,१५० ही नाही, आणि "यात सर्व देणं संपलं" असं आधी लेखी आल्याशिवाय एक सेंटही नाही. तडजोडीतली आणखी एक मेख: २,३४० चं १,१५० मध्ये मिटवलं, तर माफ झालेल्या ११९० डॉलरचा १०९९-सी फॉर्म येऊ शकतो. ६०० च्या वरची माफी टॅक्स खात्याच्या नजरेत उत्पन्न ठरू शकते. मुदतबाह्य देण्यासाठी दावा करायला किंवा तशी धमकी द्यायला एजन्सीला बंदी आहे. तरीही कोर्टाचा कागद आलाच, तर तो कचऱ्यात टाकू नका. मुदत संपल्याचं तुम्ही हजर राहून सांगितलं नाहीत, तर निकाल त्यांच्या बाजूने लागू शकतो.

बिलाचं एवढंच. पत्रातल्या ज्या वाक्याशी मी थबकलो ते वेगळंच आहे: "तिच्यासाठीच मी ४०१-के बंद केला होता." तुम्ही ते जाता जाता लिहिलंय.

तुम्ही पॉलिसीचं वार्षिक स्टेटमेंट आणि पगाराची स्लिप जोडलीत हे बरं केलंत. पगार १ लाख ४० हजार. ४०१-केत पगाराचे पहिले सहा टक्के भरले, तर त्यावर तुमची नोकरीची कंपनी निम्मे घालते. सहा टक्के म्हणजे ८,४०० डॉलर, त्यावर कंपनीचे ४,२००. आययूएलचा हप्ताही ७०० गुणिले १२, म्हणजे नेमका ८,४००. योगायोग बघा. तुम्ही तेच पैसे फुकटचे ४,२०० मिळणाऱ्या खात्यातून उचलले आणि मित्राला कमिशन मिळणाऱ्या खात्यात ठेवले. तीन वर्षांत कंपनीचे १२,६०० बुडाले. वर २२ टक्क्यांच्या टप्प्यात टॅक्सची वर्षाला अठराशेची बचत गेली, ती मी धरतही नाही.

पॉलिसीत भरले २५,२००. स्टेटमेंटवर खात्याची रक्कम दिसते १७,१००, तीन वर्षं नियमित भरून. त्याखालची ओळ वाचलीत का? आज बंद केली तर हातात ६,४००. अठरा हजार आठशेची घट आणि बुडालेले १२,६०० मिळून ३१,४०० होतात. म्हणजे ज्या बिलाने तुमची झोप उडवली, त्याच्या तेरा पट नुकसान तुम्ही ऑटो-पेवर लावून ठेवलंय.

"बाजार चढला तर फायदा, पडला तर शून्य, तोटा कधीच नाही" हे वाक्य तुम्हाला ऐकवलं गेलं असणार. फायद्याला वरून कॅप असते आणि विमा कंपनी ती कॅप बदलू शकते. निर्देशांकाच्या वाढीत डिव्हिडंड धरत नाहीत. आणि शून्याच्या वर्षातही विम्याचा खर्च कापला जातोच, तो वयाबरोबर वाढतो. मग "तोटा कधीच नाही" हे कोणत्या गणितात बसतं, ते मित्राला विचारा. त्याने रंगीत तक्त्यात दाखवलेली साठाव्या वर्षीची रक्कम म्हणजे हमी नाही, कंपनीने धरून चाललेला दर आहे. पहिल्या वर्षीच्या हप्त्याचा मोठा हिस्सा विकणाऱ्याला जातो, ती एवढीच हमीची गोष्ट. मंडळाच्या दिवाळी कार्यक्रमात ओळख झाली म्हणून प्रॉडक्ट बदलत नाही.

"स्वतःचीच बँक" म्हणून जे लोन तो सुचवतो, त्यावर कंपनी व्याज लावते आणि तुमच्या माघारी मिळणाऱ्या रकमेतून ते वजा होतं. आपलीच बँक आपल्याला व्याज लावते, ही कल्पना मला कधी झेपली नाही.

एचएसएबद्दल: त्यातून हे बिल भरता येणार नाही. खातं उघडण्याच्या आधीच्या उपचारांचा खर्च त्यातून निघत नाही, आणि उपचार २०१७चे आहेत. पण हाय-डिडक्टिबल प्लॅन (सुरुवातीचा मोठा खर्च स्वतः भरायचा हेल्थ इन्शुरन्स) घेऊन एचएसए न उघडणं ही तुमची आणखी एक चूक. ते आता उघडा, पुढच्या पोटदुखीसाठी.

मग करायचं काय? तुम्ही ३८ वर्षांचे, धूम्रपान नाही, दोन मुलं, एकाच्या पगारावर घर. तुम्हाला विमा हवाच, आणि आत्ताचा आययूएलमधला ५ लाखांचा पुरेसाही नाही. वीस वर्षांचा १० लाख डॉलरचा टर्म (बचत न जोडलेला, ठरावीक मुदतीचा निव्वळ विमा), तब्येत चांगली असेल तर महिना साधारण ५०-६० डॉलर. तो मंजूर होऊन सुरू झाल्याचा कागद हातात येईपर्यंत आययूएल बंद करायची नाही. हा क्रम चुकवू नका. मेडिकलमध्ये काही निघालं आणि टर्म नाकारला गेला, तर मला पुन्हा लिहा, कारण मग आययूएल ठेवून तिच्यातली विम्याची रक्कम कमी करण्याचा विचार करावा लागेल.

टर्म मिळाला की ७०० सुटतात. ६० टर्मला. ४०१-के सहा टक्क्यांवर आणला तर पगारातून ७०० कापले जातील, पण टॅक्स वाचल्याने हातातले कमी होतील सुमारे ५४५. उरले ९५, ते बचत खात्यात. सरेंडरचे ६,४०० आणि आधीचे २,९०० मिळून ९,३०० होतात. त्यातले काही एचएसएत, बाकी हाताशी ठेवा. तीन महिन्यांच्या खर्चाला अजून पुरणार नाहीत, पण २,३४० च्या पत्राने घाबरून लोन काढायची वेळ येणार नाही.

"इतके भरलेत, आता सोडणं वेडेपणा" असं मित्र म्हणेल. ते २५,२०० तर भरून झालेत, चालू ठेवलं तरी आणि बंद केलं तरी. प्रश्न पुढच्या ८,४०० चा आहे. त्याच्याशी वाद घालत बसू नका. पॉलिसी बंद करायचा फॉर्म थेट कंपनीकडून मागवता येतो, त्याची सही लागत नाही.

मात्र ४०१-के साठी टर्मची वाट बघू नका. दोन-तीन महिने ओढाताण होईल, होऊ द्या. कंपनीच्या पोर्टलवर टक्का बदलायला पाच मिनिटं लागतात. एजन्सीला पत्र टाकून पोस्टातून घरी आलात की तेच आधी करा.