तळाशी बसलेलं यीस्ट

प्रश्न : नाताळाआधी मी घरी थोडी द्राक्षांची वाईन करते. यंदा एका बरणीत म्हापशाच्या बाजारातलं पाव करायचं यीस्ट घातलं, दुसरीत जावेने पुण्याहून पाठवलेलं वाईनचं. पहिली अजून गढूळच आहे. दुसरीत मात्र गुठळ्या होऊन तळाशी जाड साका बसला, वर रस निवळ. बरणी हलवली की गुठळ्या वर उठतात आणि लगेच परत खाली जातात. शेजारी म्हणतात, खाली बसलं म्हणजे यीस्ट मेलं. टाकून द्यायचं का? — एक वाचक, शिरोडा

उत्तर : टाकू नका हो ताई! साक्याकडे बघून यीस्ट जिवंत की मेलेलं हे ठरवताच येत नाही. यीस्टची एकटी पेशी जेमतेम पाच मायक्रॉनची, म्हणजे मिलिमीटरचा दोनशेवा भाग. ती मेली तरी पटकन तळाला जात नाही, रेंगाळत रेंगाळत उतरते. बुडण्याचा वेग आकाराच्या वर्गाने वाढतो, व्यास दुप्पट तर वेग साधारण चौपट. तुमच्या दुसऱ्या बरणीत हजारो पेशींनी एकमेकींना धरलंय, म्हणून त्या अशा धाडकन खाली येतात.

धरलंय कशाने, तर पेशीच्या भिंतीवरच्या प्रथिनांनी. भिंतीचा आतला थर ग्लुकान नावाच्या चिवट शर्करा-साखळ्यांचा असतो. घराच्या दगडी भिंतीचं काम तो करतो. बाहेरच्या थरात प्रथिनं असतात आणि त्यांच्यावर मॅनोज या साखरेच्या लांबलचक फांद्या फुटलेल्या असतात. सगळ्याच यीस्टपेशींचं अंग असं मॅनोजने मढलेलं असतं. काही जातींकडे त्याशिवाय ‘फ्लो’ कुळातली प्रथिनं असतात. त्यांचं बूड ग्लुकानमध्ये रुतलेलं, मधला देठ लांब आणि डोकं बाहेर. हे डोकं शेजारणीच्या अंगावरचं मॅनोज पकडतं. पकडीत कॅल्शियमचा एक आयन लागतो. प्रथिन आणि साखर या दोघांनाही तो एकाच वेळी बांधून ठेवतो. कॅल्शियम काढून घेतलं की पकड सुटली.

हे मी वर्गात नुसतं सांगत नसे, दाखवत असे. (मुलं मागून मला बुरशीबाई म्हणत, ते माझ्या कानावर होतं.) गुठळ्यांनी भरलेल्या परीक्षानळीत कॅल्शियम गिळणारं ईडीटीए घालायचं आणि नळी हलवायची. गुठळ्या विरघळल्यासारख्या दिसेनाशा होतात आणि नळी दुधाळ होते. मग ईडीटीए धुऊन काढायचं, कॅल्शियम क्लोराइडचे थेंब टाकायचे आणि पुन्हा हलवायचं. आधी बारीक रवाळ कण दिसतात, मग ते मोठे होतात, आणि नळी टेकवून ठेवली की बघता बघता वरचं पाणी स्वच्छ. हलवणं मात्र चुकवायचं नाही. पेशी एकमेकींवर आपटल्या नाहीत तर धरणार कशा? बरणीत हे काम बुडबुडे करतात.

पावसाळ्यात विहिरीच्या गढूळ पाण्यात आपण तुरटी फिरवतो, तसंच हे वाटेल. पण तुरटी कणांवरचा विद्युतभार मारते आणि समोर येईल तो गाळ खाली ओढते. यीस्टची पकड चोखंदळ आहे. त्याच नळीत सुटं मॅनोज भरपूर घातलं तर फ्लो प्रथिनांची डोकी त्यातच गुंततात आणि गुठळ्या सुटतात. बिअरवाल्यांच्या कित्येक जातींत तर ग्लुकोज आणि माल्टोजसुद्धा हे काम करतात. रसात साखर आहे तोवर पेशी सुट्या फिरून ती खातात, साखर सरली की बिलगतात आणि बसतात. गाळण्याचा खर्चच वाचतो. बिअरवाल्यांनी पिढ्यान् पिढ्या बसणारं यीस्ट जपलं ते काही उगाच नाही. पावाच्या यीस्टने मात्र पिठात सगळीकडे पसरायला हवं, त्याने गुठळ्या धरलेल्या बेकरीवाल्याला चालणार नाहीत. तुमची पहिली बरणी गढूळ राहिली ती बहुधा यामुळे.

आता तुमचं काम. दुसऱ्या बरणीतला निवळ रस चमचाभर चाखा. गोडी गेली असेल तर काम झालं. वरचा रस नळीने अलगद दुसऱ्या बरणीत काढा, कारण साक्यावर महिनोन् महिने ठेवलं तर खालच्या पेशी फुटून नको तो वास येतो. अजून चांगलं गोड असेल तर यीस्ट काम संपायच्या आधीच बसलंय. मग उकळत्या पाण्यातून काढलेल्या पळीने साका दिवसातून एकदा ढवळा. बुडबुडे सुरू झाले तर यीस्ट जिवंत. आणि झाकण घट्ट लावू नका, बरणी फुटेल.

एक गोष्ट राहिली. हे सगळं पाकिटातल्या एकजात यीस्टचं झालं. रेंदेराकडच्या सुरेत, म्हणजे माडाच्या ताडीत, यीस्टबरोबर जिवाणूंची मोठी जत्रा असते. तिच्या गढूळपणावरून यीस्टच्या पकडीचा अंदाज बांधायला जाऊ नका. सान्नांना, म्हणजे तांदळाच्या वाफवलेल्या इडल्यांना, ती घाला आणि गप्प खा.

प्रश्न : बाई, पुस्तकात ‘फ्लो1’ जनुकामुळे यीस्ट गुठळ्या धरतं असं आहे. आमच्या प्रयोगशाळेतल्या एस288सी या यीस्टमध्ये फ्लो1 आहे, तरी ते ढिम्म. पुस्तक चूक की आम्ही? — एक विद्यार्थी, फोंडा

उत्तर : दोघंही बरोबर. जनुक असणं वेगळं आणि ते चालू असणं वेगळं. फ्लो कुळातली जनुकं चालू करायला फ्लो8 नावाचं प्रथिन लागतं, आणि एस288सीमध्ये नेमकं तेच मोडलेलं आहे. 1996 मध्ये जेराल्ड फिंक यांच्या प्रयोगशाळेने हे दाखवलं. त्याच वर्षी याच जातीचा सबंध जनुकसंच वाचून झाला होता. तिच्या पूर्वजांपैकी मुख्य यीस्ट 1938 मध्ये कॅलिफोर्नियात मर्सेडजवळ एका कुजक्या अंजिरावर सापडलं. माणसाच्या हाताखाली आल्यावर पेशी सुट्या राहणं सोयीचं झालं. मोजायला सोपं, पसरायला सोपं. जगभरचे विद्यार्थी ज्या यीस्टवर यीस्ट शिकतात, त्याचा एक ठळक गुणच बंद पडलेला आहे, याची मला अजून गंमत वाटते.

फ्लो1चा देठही नीट बघ. सबंध प्रथिन 1,537 अमिनो आम्लांचं, आणि मधल्या भागात जवळजवळ सारखाच तुकडा पुन्हा पुन्हा येतो. पेशी विभागताना या तुकड्यांची संख्या सहज कमीजास्त होते. 2005 मध्ये केव्हिन व्हर्स्ट्रेपेन, फिंक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं की तुकडे जितके जास्त, तितकी पकड घट्ट. म्हणून एकाच जातीच्या यीस्टमध्येसुद्धा कुणाची मिठी सैल, कुणाची करकचून.

मिठी फुकटची नाही. फ्लो1 बनवणाऱ्या पेशी सावकाश वाढतात. मोबदल्यात गुठळीच्या आतल्या पेशींना अल्कोहोलपासून, बुरशीनाशकापासून आडोसा मिळतो. मॅनोज तर सगळ्यांच्याच अंगावर आहे, मग स्वतः काही न बनवणाऱ्या आयतोबा पेशी आत घुसत नाहीत का? घुसतात, पण फार नाही. फ्लो1वाल्या दोघींची पकड दोन्ही बाजूंनी बसते, त्यामुळे त्या एकमेकींकडे जास्त ओढल्या जातात आणि आयतोबा बहुतेक बाहेरच राहतात. हे 2008 मध्ये प्रसिद्ध झालं. परीक्षेत विचारणार नाहीत, पण वाचून काढ.

प्रश्न : आईच्या कवळीखाली टाळू लाल होते. डॉक्टरांनी यीस्टचा संसर्ग सांगितला. औषधाने बरं होतं आणि परत येतं. पाव बंद करावा का? — एक वाचक, वाळपई

उत्तर : पावाचा काही संबंध नाही, पोदेराला, म्हणजे पाववाल्याला, कशाला दोष! हे यीस्ट वेगळं, कॅन्डिडा. त्याच्या भिंतीवर ‘एएलएस’ कुळातली प्रथिनं असतात. घडण फ्लोसारखीच, बूड ग्लुकानमध्ये, मधे देठ, बाहेर डोकं. पण ती तोंडाच्या आतल्या त्वचेलाही धरतात आणि एकमेकींनाही. कवळीच्या प्लॅस्टिकवर कॅन्डिडाचा चिकट थर जमतो आणि त्या थरात औषध नीट पोचत नाही. टाळू बरी होते, कवळीवरचं यीस्ट तसंच राहतं आणि पुन्हा लागण होते. चूळ भरून हा थर निघत नाही, घासावाच लागतो. रोज मऊ ब्रशने कवळीची आतली बाजू घासायची आणि रात्री ती तोंडात ठेवायची नाही. काढल्यावर कशात भिजवायची ते दंतवैद्यांना विचारा, कारण धातूची तार असलेल्या कवळीला प्रत्येक द्रावण चालत नाही. कवळी जुनी होऊन सैल झाली असेल तर तीही दाखवून घ्या, आणि आईंची साखर तपासली नसेल तर तपासा.