आई-वडील आणि भावाला ग्रीन कार्डसाठी स्पॉन्सर करताना

आपण विचारले आहे की, अमेरिकेचे नागरिकत्व नुकतेच मिळाल्यानंतर भारतातील आई-वडील आणि विवाहित धाकटा भाऊ यांना एकाच अर्जात स्पॉन्सर करता येईल का, आणि त्याला किती काळ लागेल. एकाच अर्जात ते करता येत नाही. काळाचे म्हणाल, तर आई-वडिलांचे काम साधारणपणे एक-दोन वर्षांत होते आणि भावाचे दोन दशकांतही होईलच असे नाही. मी स्वतः माझ्या आई-वडिलांचे अर्ज केले आहेत, म्हणून जिथे माझा वेळ वाया गेला त्या जागा जरा सविस्तर सांगतो.

एकवीस वर्षे पूर्ण झालेल्या नागरिकाचे आई-वडील ‘इमिजिएट रिलेटिव्ह’ या गटात येतात आणि या गटाला वार्षिक संख्येची मर्यादा नाही. (केवळ ग्रीन कार्ड असलेल्याला आई-वडिलांसाठी अर्जच करता येत नाही, त्यामुळे आपण नागरिकत्वापर्यंत थांबलात हे ओघानेच आले.) मात्र या गटात एकाच्या अर्जावर दुसऱ्याला येता येत नाही, आईचा आय-१३० (नातलगाला स्पॉन्सर करण्याचा अर्ज) वेगळा, वडिलांचा वेगळा, आणि शुल्कही दोनदा. एप्रिल २०२४ पासून हे शुल्क ऑनलाइन अर्जाला ६२५ डॉलर आणि कागदी अर्जाला ६७५ डॉलर असे आहे. आईसाठी आपला जन्मदाखला पुरतो, कारण त्यावर तिचे नाव असते. वडिलांसाठी त्याच्या जोडीला आई-वडिलांच्या विवाहाचा दाखलाही लागतो. त्या पिढीतील पुष्कळ विवाहांची नोंदणी झालेलीच नसते, ती आताही करता येते. अर्ज भरण्याआधी तेवढे उरकून घ्यावे.

माझे घोडे अडले ते आईच्या नावापाशी. माझ्या जन्मदाखल्यावर तिचे सासरचे नाव होते आणि त्याला ‘बाई’ जोडलेले होते, पासपोर्टवर तेच नाव ‘बाई’विना होते, आणि तिच्या शाळा सोडल्याच्या दाखल्यावर माहेरचे, म्हणजे पहिल्या नावासकट सगळेच वेगळे. लग्नात तांदळाच्या ताटात अंगठीने नवे नाव लिहिले की बाईचे पहिले नावही बदलते, हे आपल्याला सांगावे लागत नाही. पण फाइल तपासणाऱ्या अमेरिकी अधिकाऱ्यापुढे तीन नावांच्या तीन स्त्रिया उभ्या राहतात. माझ्याकडे जादा पुरावा मागणारे पत्र आले आणि त्यात काही महिने गेले. शेवटी जुन्या ट्रंकेतून माहेरचे नाव छापलेली लग्नपत्रिका निघाली, मामा आणि मोठ्या मावशीने प्रतिज्ञापत्रे करून दिली, आणि ही तिन्ही नावे एकाच व्यक्तीची आहेत असे आईचेही प्रतिज्ञापत्र जोडले, तेव्हा गाडी पुढे सरकली. ही प्रतिज्ञापत्रे आपण पहिल्याच दिवशी जोडावीत. आई-वडिलांचा जन्म १ एप्रिल १९७० पूर्वीचा असून त्याची नोंद सापडत नसेल, तर स्थानिक कार्यालयाकडून नोंद उपलब्ध नसल्याचे प्रमाणपत्र घ्यावे आणि त्यांच्या जन्माची माहिती असलेल्या वडीलधाऱ्या नातलगांची प्रतिज्ञापत्रे जोडावीत.

आय-१३० मंजूर झाल्यावर फाइल अमेरिकी परराष्ट्र खात्याच्या नॅशनल व्हिसा सेंटरकडे जाते. तिथे शुल्क, डीएस-२६० हा व्हिसाचा ऑनलाइन अर्ज आणि कागदपत्रे जमा होतात, मग वैद्यकीय तपासणी आणि वकिलातीतील मुलाखत. याच टप्प्यावर आपल्याला आय-८६४ हे आर्थिक जबाबदारीचे हमीपत्र द्यावे लागते. आपले उत्पन्न अमेरिकी दारिद्र्यरेषेच्या किमान १२५ टक्के असावे लागते. आपण पती-पत्नी आणि येणारे आई-वडील असे चार जण धरले, तर २०२५ च्या निकषांप्रमाणे वर्षाला ४०,१८७ डॉलर. कमी पडल्यास सहप्रायोजक चालतो. आकडा बहुतेकांना जड नाही, परंतु सही करताना ती किती काळ बांधून ठेवते हे पाहावे: ज्याच्यासाठी हमी दिली तो नागरिक होईपर्यंत, किंवा त्याच्या नावावर कामाच्या चाळीस तिमाह्या जमेपर्यंत, अथवा तो देश कायमचा सोडेपर्यंत किंवा मृत्यूपर्यंत ही जबाबदारी उरते.

अर्ज करण्यापूर्वी आई-वडिलांशी एकदा स्पष्ट बोलावे, असे मी आग्रहाने म्हणेन. त्यांना इथे राहायचे आहे, की केवळ व्हिसाच्या रांगेतून सुटका हवी आहे? ग्रीन कार्ड हा कायमच्या वास्तव्याचा परवाना आहे. सहा महिन्यांहून अधिक काळ बाहेर राहिल्यास विमानतळावर प्रश्न विचारले जातात आणि रीएंट्री परमिट (परत येण्याचा आधी घेतलेला परवाना) नसताना वर्षभर बाहेर राहिल्यास कार्डावर परत येता येत नाही. पासष्टी ओलांडलेल्यांनाही, स्वतःची किंवा जोडीदाराची इथली नोकरी नसेल, तर सलग पाच वर्षे राहिल्याशिवाय मेडिकेअर हा ज्येष्ठांसाठीचा सरकारी आरोग्य विमा विकत घेता येत नाही, म्हणून मधल्या काळातील आरोग्य विम्याची व्यवस्था आधी करावी. शिवाय कार्ड मिळताच ते कराच्या दृष्टीने अमेरिकेचे रहिवासी होतात: भारतातील पेन्शन आणि व्याज इथल्या विवरणपत्रात दाखवावे लागते, आणि परदेशी खात्यांतील एकूण रक्कम वर्षात कधीही १०,००० डॉलरच्या वर गेली तर एफबार हा परदेशी खात्यांचा अहवाल भरावा लागतो. माझ्या वडिलांनी चार बँकांतील मुदत ठेवींच्या पावत्या टेबलावर मांडल्या, तेव्हा मला याची पहिल्यांदा जाणीव झाली.

भावाचा गट एफ-४, म्हणजे नागरिकांच्या भावंडांचा. या गटाला वर्षाला ६५,००० व्हिसा मिळतात, त्यातच भावंडांच्या पत्नी-पतींची आणि मुलांचीही गणना होते, आणि कुटुंब व नोकरी या गटांत मिळून कोणत्याही एका देशाला सात टक्क्यांहून अधिक वाटा मिळत नाही. परिणामी २०२५ च्या व्हिसा बुलेटिनमध्ये (रांग कुठवर आली हे सांगणाऱ्या सरकारी मासिक पत्रकात) भारतीयांसाठी २००६ साली केलेल्या अर्जांचा क्रमांक चालू होता. भावाची पत्नी आणि अविवाहित लहान मुले त्याच्या अर्जावर येऊ शकतात, पण आज शाळेत असलेली मुले तोवर एकविशी ओलांडून बहुधा बाहेर पडतील. २००२ च्या चाइल्ड स्टेटस प्रोटेक्शन ॲक्टमुळे वयातून वजा होतो तो अर्ज मंजुरीसाठी पडून राहिलेला काळ, रांगेतला नव्हे. पुढे भावाने पर्यटक व्हिसा मागितल्यास हा अर्ज केल्याचे त्याला सांगावेच लागेल आणि व्हिसा देताना तो विचारात घेतला जाऊ शकतो, म्हणून त्याला विचारूनच अर्ज करावा.

त्याचा होकार असेल तर मात्र दिरंगाई नको, कारण रांगेतील जागा अर्ज पोहोचल्याच्या तारखेने ठरते. त्यासाठी आपला आणि त्याचा, दोघांचेही जन्मदाखले लागतील, आणि आईचे नाव त्या दोन्हींवर एकसारखे नसेल, तर तीच प्रतिज्ञापत्रे पुन्हा जोडावी लागतील. मामा-मावशी सही करायला बसतील तेव्हाच त्यांच्याकडून मूळ सहीच्या दोन प्रती करून घ्याव्यात.