डिस्चार्ज कार्डावरची एक ओळ

चि.स अनेक आशीर्वाद.

पहिला पगार झाला, मनगटावर घड्याळ आलं, पावलं मोजायला एक ॲप आणि खर्च मोजायला दुसरं. 'काका, आता हे दोन्ही एकत्र कसं बघू?' असं विचारतोस. ॲप कोणतं घ्यावं ते तुलाच जास्त कळतं. मी विमा कंपनीत क्लेमच्या टेबलावर २२ वर्षं काढली, तिथलं सांगतो.

फाइल आली की आम्ही बिलाआधी डिस्चार्ज कार्ड वाचायचो. त्यावर डॉक्टरांच्या घाईच्या अक्षरात एक आखूड ओळ असायची : 'के/सी/ओ एचटीएन, ५ वर्षं'. म्हणजे रक्तदाब पाच वर्षांपासूनचा. पॉलिसी घेताना भरलेल्या प्रपोजल फॉर्मवर मात्र त्याच माणसाच्या 'काही आजार आहे का?' या प्रश्नापुढे 'नाही'ची खूण. पुष्कळदा ती एजंटानेच केलेली. क्लेम तिथेच अडकायचा. माणूस लबाड नसे. रोज सकाळी गोळी घ्यायचा, पण गोळी चालू आहे म्हणजे आपल्याला आजार आहे, हे त्याच्या डोक्यातच नसायचं. रिपोर्ट कॅरीबॅगमध्ये, पॉलिसी कपाटात, आणि दोन्हींची गाठ पडायची ती थेट आमच्या टेबलावर.

२०२४ मध्ये विमा नियामकाने नियम बरेच सैल केले. आधीपासूनच्या आजाराचा क्लेम मिळण्यासाठी थांबण्याची कमाल मुदत ४ वर्षांवरून ३ वर झाली. पॉलिसी सलग ५ वर्षं चालली की फसवणूक सिद्ध झाल्याखेरीज 'माहिती लपवली' म्हणून क्लेम नाकारता येत नाही. पूर्वी त्याला ८ वर्षं लागत. तेव्हा फॉर्म स्वतः भर आणि खरं लिही. हप्ता थोडा चढला तर चढू दे.

आता तुझा प्रश्न. एक साधी एक्सेल शीट कर. तारीख, काय झालं, आकडा (रक्तदाब, साखर, वजन), खर्च, आणि बुडालेले कामाचे दिवस. हा शेवटचा रकाना सहसा कुठलं ॲप विचारत नाही. मी एकदा माझ्या बँकेच्या नोंदी अशा मांडल्या, तर दर मार्चमध्ये मेडिकलवाल्याचं बिल फुगलेलं दिसलं. क्लोजिंगची जागरणं, चहा, वडापाव आणि ॲसिडिटीच्या गोळ्या. डॉक्टरांनी सांगून मला जे कळलं नव्हतं ते पासबुकाने सांगितलं. (तुझी काकू मात्र हे फुकटात सांगत होती.)

'आभा' या सरकारी आरोग्य खात्याचा १४ अंकी क्रमांक काढून ठेव. रिपोर्ट जिथे तयार होतात तिथेच राहतात. तुझी संमती मिळाली की दुसऱ्या डॉक्टरांना दिसतात. पैशांच्या बाजूला रिझर्व्ह बँकेच्या परवान्याचे अकाउंट ॲग्रीगेटर आहेत. ते तुझी माहिती एका संस्थेकडून दुसरीकडे पोचवतात, स्वतः वाचू शकत नाहीत. दोन्हीकडे संमती मागताना मुदत आणि कारण लिहिलेलं असतं. तेवढं वाचल्याशिवाय 'होय' दाबू नकोस, आणि काम झालं की संमती मागे घे.

घड्याळाचं म्हणशील तर, चालण्यावर हप्त्यात सवलत देणाऱ्या पॉलिसी आपल्याकडेही आहेत. दक्षिण आफ्रिकेत डिस्कव्हरी या विमा कंपनीने चांगल्या सवयींना बक्षीस द्यायचा प्रकार १९९७ मध्येच सुरू केला. सवलत मिळाली तर जरूर घे. पण त्यापायी घड्याळ शेजारच्या पोराच्या हाताला बांधून त्याला पळवणारे महाभागही मी पाहिलेत. आणि रक्तदाब मनगटावर नको मोजूस. दंडाला पट्टा बांधायचं यंत्र आण, पाच मिनिटं गप्प बसून मग मोज.

वडिलांची पॉलिसी जूनमध्ये नूतनीकरणाला येते, असं तू म्हणाला होतास. रविवारी घरी ये. येताना त्यांच्या प्रपोजल फॉर्मची प्रत आणि दोन वर्षांपूर्वीचं डिस्चार्ज कार्ड, दोन्ही आण. शेजारी शेजारी ठेवून वाचू.

तुझा,
काका