वाचकांचे प्रश्न : एका पातेल्यात आठ जणांची बिअर

प्रश्न : आम्ही आठ जण गेली काही वर्षे आपापल्या घरी वीस-वीस लिटर बिअर करतो. आता एखाद्या सुटीच्या दिवशी एकत्र जमावे, एकाच मोठ्या पातेल्यात १६० लिटर बिअर करावी आणि ती वाटून घ्यावी, असा बेत आहे. वीस लिटरची कृती सरळ आठने गुणली तर चालेल का? आठ जण हाताशी असल्यामुळे दुपारपर्यंत सारे आटोपेल, असा आमचा अंदाज आहे.

उत्तर : माल्टचे (मोड आणून वाळवलेल्या धान्याचे) वजन आठने गुणले तर चालेल, परंतु बाकी बऱ्याच गोष्टी तशा गुणता येत नाहीत, आणि दुपारपर्यंत आटोपण्याचा अंदाज तर चुकणारच आहे. माणसे आठपट झाली तरी शेगडी एकच राहते आणि वर्ट (माल्टमधून उतरलेले गोड पाणी, ज्याची पुढे बिअर होते) गार करण्याची तांब्याची वेटोळी नळीही एकच राहते. बिअर करण्याच्या दिवशी बहुतेक वेळ माणसांच्या हातांची नव्हे, तर पाणी तापण्याची आणि निवण्याची वाट पाहण्यात जातो, हे लक्षात घेऊन बेत आखावा.

थोडा हिशेब करून पाहू. विशिष्ट गुरुत्व (पाण्याच्या तुलनेतली घनता; साखर जितकी जास्त तितके ते जास्त) १.०५० असलेले १६० लिटर वर्ट मिळवण्यासाठी, सर्वसाधारण घरगुती कार्यक्षमता धरली तर, सुमारे ३६ किलो माल्ट लागेल. भरडलेले माल्ट किलोमागे अंदाजे एक लिटर पाणी स्वतःत धरून ठेवते, काही पाणी उकळताना उडून जाते आणि काही तळाच्या गाळात राहते; त्यामुळे एकंदर सव्वादोनशे लिटर पाण्याची सोय हवी. त्यापैकी मॅशसाठी (भरडलेले माल्ट गरम पाण्यात मुरवण्यासाठी) लागणारे सुमारे १०८ लिटर पाणी २५ अंश सेल्सिअसवरून ७२ अंशांपर्यंत नेण्यास तीन किलोवॉटच्या हीटरला जवळजवळ दोन तास लागतात. पुढे गाळून काढलेले १८० लिटर वर्ट ६६ अंशांवरून उकळीपर्यंत नेण्यास त्याच हीटरला आणखी सव्वादोन तासांहून अधिक वेळ लागतो, आणि यात पातेल्याच्या बाजूंनी वाया जाणारी उष्णता धरलेलीच नाही. मॅश मुरण्याचा एक तास, गाळण्याचा वेळ, उकळण्याचा एक तास, गार करणे आणि शेवटची धुणी-पुसणी हे सर्व त्यात मिळवले म्हणजे सकाळी सुरू केलेले काम दिवेलागणीपर्यंत का लांबते, हे वेगळे सांगायला नको.

कृती गुणताना दुसरी अडचण पातेल्याच्या आकाराची आहे. त्याच घडणीचे पातेले आठपट मोठे केले तर त्यात मावणारे द्रव आठपट होते, मात्र हवेला उघडा राहणारा पृष्ठभाग फक्त चौपट होतो. तुमच्या वीस लिटरच्या पातेल्यातून तासाला साडेतीन लिटर पाणी उडत असेल, तर मोठ्या पातेल्यातून २८ लिटर उडेल असे न धरता १४ लिटरच्या आसपास धरावे. हे न ओळखता आठपट पाणी घातले, तर शेवटी ठरल्यापेक्षा जास्त आणि ठरल्यापेक्षा पातळ बिअर हाती येते.

हॉप्सच्या (बिअरला कडवटपणा आणि सुगंध देणाऱ्या वेलीच्या फुलांच्या) बाबतीत चूक उलट दिशेने होते. त्यांच्यातली आम्ले साधारण ८० अंशांच्या वर कडवट रूपात बदलत राहतात. घरच्या वीस लिटरच्या खेपेत वर्ट काही मिनिटांतच त्या तापमानाखाली येते. १६० लिटरला मात्र तेवढ्याच नळीने अर्धा-पाऊण तास सहज लागतो. परिणामी सुगंधासाठी अगदी शेवटी टाकलेले हॉप्सही कडवटपणा वाढवत बसतात आणि सुगंध वाफेबरोबर निघून जातो. आच बंद केल्यावर लगेच हॉप्स न टाकता वर्ट ८० अंशांखाली उतरल्यावर ते टाकणे, हा त्यावरचा साधा उपाय आहे.

माझा सल्ला असा की, एका पातेल्याचा आग्रह सोडावा. साठ-साठ लिटरची चार पातेली, चार स्वतंत्र शेगड्या आणि प्रत्येक पातेल्यामागे दोन माणसे, अशी मांडणी केली तर ४५ लिटर वर्टला उकळी यायला तीन किलोवॉटच्या आचेवर पाऊण तासही लागत नाही आणि प्रत्येकाला खरोखर करण्याजोगे काम मिळते. चारही ठिकाणच्या मॅशचे वर्ट सारखे उतरणार नाही. सर्वांची बिअर एकसारखी हवी असेल, तर उकळण्यापूर्वी ते एकमेकांत मिसळून पुन्हा समान वाटून घ्यावे. विजेचे चार हीटर एकाच घराच्या वायरिंगवर लावू नयेत. गॅसच्या मोठ्या शेगड्या उघड्या जागीच पेटवाव्यात. बंद गॅरेजमध्ये त्या पेटवणे म्हणजे कार्बन मोनॉक्साइडला घरात बोलावणे होय. तरीही मोठे पातेलेच वापरायचे ठरले, तर भरलेले पातेले उचलण्याचा विचार कोणीही मनात आणू नये. १६० लिटर वर्टचे वजन १६५ किलोंच्या पुढे जाते आणि उकळते वर्ट साखरेच्या पाकासारखे अंगाला चिकटून भाजते. ते पंपाने किंवा उंचावरून नळीनेच उतरवावे.

प्रश्न : मागच्या वेळी आमच्या गटाने एकच वर्ट सहा जणांत वाटून घेतले होते. पाच जणांची बिअर उत्तम झाली, सहाव्याची आंबट झाली. दोष कृतीत होता की भांड्यात, यावरून आमच्यात अजूनही वाद आहे.

उत्तर : वाद मिटवण्यापुरता पुरावा तुमच्या प्रश्नातच आहे. तासभर उकळलेल्या वर्टमध्ये बिअर आंबट करणारे जीवाणू जिवंत राहत नाहीत. उकळणे थांबल्यानंतर, म्हणजे वर्ट गार होऊ लागल्यापासून, त्याला ज्याचा ज्याचा स्पर्श होतो ते सर्व संशयित ठरते. सर्वांच्या वाट्याला आलेली नळी, चाळणी किंवा पातेल्याचा नळ दूषित असता, तर सहाही बिअरमध्ये त्याचा काही ना काही मागमूस दिसला असता. एकाच बिअरमध्ये दोष असेल तर तो वाटणीनंतरचा, म्हणजे त्या फर्मेंटरचा (बिअर आंबवण्याच्या भांड्याचा), त्याच्या झाकणाचा, तोटीचा किंवा त्यात घातलेल्या यीस्टचा आहे, असे बहुतांशी धरता येते. तोटी मात्र पूर्ण खोलून पाहावी. तिच्या आट्यांत साचलेला मळ निर्जंतुक करणाऱ्या द्रावणाला दाद देत नाही, कारण ते द्रावण स्वच्छ पृष्ठभागावर काम करण्यासाठी असते, मळ काढण्यासाठी नसते. आधी घासणे आणि मग निर्जंतुक करणे, हा क्रम गडबडीच्या दिवशी सर्वांत आधी विसरला जातो.

या निमित्ताने एका छुप्या पाहुण्याविषयी सांगणे आवश्यक वाटते. सेझाँ या कोरड्या, बेल्जियन शैलीच्या बिअरसाठी वापरली जाणारी अनेक यीस्ट डायस्टॅटिकस प्रकारातली असतात. साधारण यीस्टला न पचणाऱ्या डेक्स्ट्रिन शर्करा ती हळूहळू फोडून खातात. सेझाँमध्ये हा गुणच आहे. पण त्याच नळीने किंवा हायड्रोमीटरच्या (गुरुत्व मोजण्याच्या साधनाच्या) त्याच नळकांड्याने दुसऱ्याच्या बिअरमध्ये त्यांच्या मोजक्या पेशी जरी गेल्या, तरी ती बिअर बाटलीत भरल्यानंतरही आठवडेच्या आठवडे आंबत राहते, वायूचा दाब वाढत जातो आणि एखाद्या दिवशी बाटली फुटते. म्हणून आपण कोणते यीस्ट वापरणार आहोत हे प्रत्येकाने आधीच सांगावे, आणि सेझाँवाल्याने आपली नळी, आपले नळकांडे वेगळे ठेवावे. यात कोणाचा अपमान नाही.

याच गोष्टीची दुसरी बाजू फार आनंदाची आहे आणि खरे सांगायचे तर एकत्र जमण्याचे सर्वांत सबळ कारण मला तेच वाटते. घरी एकट्याने बिअर करताना कृती, पाणी, तापमान आणि यीस्ट यांतले नेमके काय बदलल्यामुळे चव बदलली, हे कळणे अवघड असते. वर्ट एकच असेल आणि प्रत्येकाने केवळ यीस्ट वेगळे घातले असेल, तर महिन्या-दीड महिन्याने सहा पेले शेजारी मांडून यीस्टची करामत निर्विवादपणे चाखता येते. गव्हाच्या बिअरचे यीस्ट केळ्याचा आणि लवंगेचा वास आणते, तटस्थ यीस्ट मागे राहून हॉप्सना पुढे येऊ देते, एक बिअर १.००८ पर्यंत कोरडी होते आणि दुसरी १.०१४ वर थांबून तोंडात भरीव लागते. हे सारे एकाच पातेल्यातून आलेले असते.

प्रश्न : जमण्याच्या ठिकाणापासून माझे घर गाडीने दीड-दोन तासांवर आहे. वर्ट घरी नेऊन मग यीस्ट घालावे, की तेथेच घालून न्यावे?

उत्तर : शक्य असेल तर तेथेच घालावे. गार झालेले, गोड आणि यीस्ट नसलेले वर्ट हे कोणत्याही जीवाणूला मिळालेले आयते ताट असते, तेव्हा त्याचा ताबा लवकरात लवकर आपल्या यीस्टकडे द्यावा. एलसाठी (थंडीत न ठेवता आंबवायच्या बिअरसाठी) वर्ट १८ ते २० अंशांवर आलेले असावे. तेथले पाणीच गरम असल्यामुळे ते तितके गार होत नसेल, तर घट्ट बंद करून न्यावे आणि घरी तापमान उतरल्यावर त्याच रात्री यीस्ट घालावे. वीस लिटरला कोरड्या यीस्टचे ११ ग्रॅमचे एक पाकीट साधारण पुरते. वाटेतल्या हेलकाव्यांनी वर्टमध्ये हवा मिसळते ते चांगलेच आहे, कारण सुरुवातीच्या वाढीसाठी यीस्टला प्राणवायू लागतो. आंबण्याची क्रिया वाटेत सुरू होण्याची शक्यता असेल, तर वायू बाहेर पडायला मार्ग ठेवावा. काचेचा मोठा बुधला गाडीतून नेऊ नये. ओल्या हातातून निसटलेल्या बुधल्याने झालेल्या जखमा शिवण्यापर्यंत जातात.

काही जण उकळते वर्ट गार न करताच उष्णता सोसणाऱ्या जाड प्लॅस्टिकच्या कॅनमध्ये काठोकाठ भरतात, हवा दाबून काढतात आणि घरी नेऊन दुसऱ्या दिवशी यीस्ट घालतात. नळी एकच असलेल्या गटाला ही पद्धत सोयीची आहे. तसे कॅन मात्र आठवडेच्या आठवडे साठवून ठेवू नयेत. वर्ट पुरेसे आम्लधर्मी नसते आणि हवाबंद असते. बोटुलिझमच्या जीवाणूला अशीच जागा मानवते.

प्रश्न : दरवेळी दोघे-तिघे राबतात, बाकीचे चाखण्यात दंग असतात. काय करावे?

उत्तर : चाखण्याची वेळ ठरवून द्यावी. शेवटची शेगडी विझून वर्ट गार होईपर्यंत पेला भरायचा नाही, एवढा एकच नियम पाळला तरी निम्मा गोंधळ कमी होतो. भाजणे, उतू जाणे आणि हॉप्स टाकायला विसरणे या तिन्ही गोष्टी बहुधा दुसऱ्या पेल्यानंतर घडतात. वर्टला पहिली उकळी येतानाचा फेस क्षणात वर चढतो, त्या दहा मिनिटांत पातेल्यापाशी शुद्धीवर असलेला माणूस हवा.

कामे माणसांना न वाटता जागांना वाटावीत, असा माझा अनुभव आहे. एक जण फक्त घड्याळ आणि वही सांभाळेल : कोणते हॉप्स किती वाजता पडले, कोणत्या वेळी किती तापमान होते, गुरुत्व किती भरले. एक जण निर्जंतुकीकरणाच्या बादलीपाशी उभा राहील आणि त्या बादलीतून न निघालेली कोणतीही वस्तू गार वर्टजवळ जाऊ देणार नाही. या माणसाचा शब्द यजमानालाही मानावा लागेल. नवख्यांना गाळण्याच्या जागी द्यावे. ते काम संथ असते आणि धान्यातून गोडवा उतरताना डोळ्यांनी दिसतो.

प्रश्न : असे एकत्र जमणे कायदेशीर आहे का? ही प्रथा कोठून आली?

उत्तर : घरी बिअर करण्याविषयीचे कायदे देशागणिक, काही ठिकाणी राज्यागणिक वेगळे आहेत. कोठे मुभा आहे, कोठे परवाना लागतो आणि कोठे मनाई आहे. तेव्हा माल्ट विकत घेण्यापूर्वी आपल्या ठिकाणचा नियम पाहावा. ब्रिटनमध्ये घरगुती बिअरवरील परवान्याची अट १९६३ मध्ये गेली. अमेरिकेत दारूबंदी १९३३ मध्ये उठली, पण घरगुती बिअरला संघराज्याच्या कायद्यात मोकळीक मिळाली ती अध्यक्ष जिमी कार्टर यांनी ऑक्टोबर १९७८ मध्ये सही केलेल्या कायद्याने. एका प्रौढ व्यक्तीच्या घराला वर्षाला १०० गॅलन आणि दोन वा अधिक प्रौढांच्या घराला २०० गॅलन, तीही स्वतःच्या उपयोगासाठी, विक्रीसाठी नव्हे, अशी त्याची मर्यादा आहे. त्याच वर्षी तेथे अमेरिकन होमब्रूअर्स असोसिएशन स्थापन झाली, आणि तिच्या पुढाकाराने मे महिन्याच्या पहिल्या शनिवारी ठिकठिकाणचे गट एकाच दिवशी बिअर करायला जमू लागले. खर्चाची वर्गणी काढणे निराळे आणि बाटली विकणे निराळे, हा फरक कोणत्याही देशात लक्षात ठेवावा. दारू गाळण्याला तर जवळजवळ सर्वत्र स्वतंत्र आणि कडक कायदा लागू असतो.

प्रश्न : शेवटी उरलेल्या चोथ्याचे काय करावे? आमच्या यजमानांकडे कुत्रा आहे, त्याला घातला तर चालेल का?

उत्तर : ३६ किलो माल्टमागे पन्नास किलोंच्या आसपास ओला चोथा उरतो आणि तो उन्हात एका दिवसात आंबूस वास मारू लागतो. त्यामुळे तो कोण नेणार हे सकाळीच ठरवावे. गुरे पाळणाऱ्यांना तो ताजा हवा असतो, आणि कंपोस्टमध्ये घालायचा तर सुक्या पाल्याबरोबर थर देऊन घालावा. हॉप्सचा गाळ मात्र वेगळ्या पिशवीत बांधून कचऱ्यात टाकावा. कुत्र्याने हॉप्स खाल्ले तर त्याच्या शरीराचे तापमान धोकादायकरीत्या चढते आणि वेळेत उपचार न मिळाल्यास तो दगावू शकतो. चोथ्यात हॉप्स मिसळले नसल्याची खात्री नसेल, तर त्यातला घासही त्याला घालू नये, आणि त्या दिवशी त्याला पातेल्यांपासून दूर, दुसऱ्या खोलीत ठेवावे.