वकील म्हणतोय नादारीचा अर्ज टाक आणि जर्मनीला जा, टाकू का?

भावा, तुझं पत्र दोनदा वाचलं. कोल्हापूरच्या उद्यमनगरातला गाळा, व्हीएमसी मशीनवर (संगणकावर चालणारं धातुकामाचं यंत्र) बँकेचं कर्ज, पतसंस्थेचे ९ लाख, मित्रांचे हातउसने ४ लाख आणि कच्च्या मालाच्या व्यापाऱ्याला दिलेला चेक परत गेलेला. सगळं मिळून ३१ लाख. इकडं स्टुटगार्टजवळच्या कारखान्यातली नोकरी झाल्यात जमा. आणि कोर्टाबाहेर भेटलेला वकील म्हणतोय, नादारीचा, म्हणजे कोर्टानं दिवाळखोर ठरवावं म्हणून, अर्ज टाक, सगळं मिटतंय, विमानात बस.

माझं उत्तर: आत्ता टाकू नकोस. वकील मात्र दुसरा गाठ, आणि लवकर गाठ. २०१८ ला मी याच उंबऱ्यावर उभा होतो, म्हणून आज इथं जर्मनीतनं एवढं ठासून सांगतोय.

आधी कायदा कुठला ते बघ. तो वकील २०१६ च्या दिवाळखोरी संहितेचं नाव घेत असेल तर त्याला विचार, तिचा व्यक्तींसाठीचा भाग नक्की कुणाला लागू आहे? १ डिसेंबर २०१९ पासून तो लागू झाला तो फक्त कंपनीच्या कर्जाला वैयक्तिक हमी दिलेल्यांना. तुझा धंदा प्रोप्रायटरी, म्हणजे एकट्याच्या मालकीचा. तुला लागतो तो १९२० चा प्रांतिक नादारी कायदा. इंग्रजांच्या काळातला आहे हे वाचताना कळतंच. ५०० रुपयांचं देणं असलं तरी अर्ज करता येतो. आणि एकदा नादार ठरलास की डिस्चार्ज, म्हणजे कोर्टाकडून देण्यातनं सुटका, मिळेपर्यंत, आपण नादार आहोत हे न सांगता कुणाकडून ५० रुपयांची उधारी केलीस तरी सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. पानटपरीवरची वहीसुद्धा जपून वापरायची!

हसू येतंय, पण पुढचं हसण्यासारखं नाही. अर्ज मंजूर झाला की तुझी मालमत्ता कोर्टाकडं किंवा कोर्टानं नेमलेल्या रिसीव्हरकडं जाते. डिस्चार्ज मिळेपर्यंत नवीन जे काही तुझ्या हातात येईल त्यावरही तोच हक्क. म्हणजे तू इथं रात्रपाळी करणार आणि घरखर्च सोडून उरलेल्या युरोंचा हिशेब कसबा बावड्याच्या कोर्टात. बोलावलं की हजर व्हायचं, वह्या दाखवायच्या. देणं चुकवायला हद्द सोडली असं कोर्टाला वाटलं तर अटकेचा हुकूमही काढता येतो. जो माणूस सहा महिन्यांत देश सोडणार आहे त्याला हा अर्ज टाकायला सांगणारा वकील कागद न वाचता बोलतोय, असं माझं मत.

डिस्चार्जही आपोआप मिळत नाही, मागावा लागतो. बिनतारण देण्याच्या मानानं तुझी मालमत्ता रुपयाला आठ आणेसुद्धा भरत नसेल, तर ते माझ्या हाताबाहेरच्या कारणानं झालं हे तुला कोर्टाला पटवावं लागतं. वह्या ठेवल्या नाहीत, बुडालोय हे माहीत असून माल उचलत राहिलो, असलं काही निघालं तर तेही आडवं येतं. तारण ठेवलेलं मशीन तर बँकेचंच राहतं. आणि चेकची केस फौजदारी आहे, ती नादारीनं थांबत नाही. ती चालू असताना पासपोर्टचं नूतनीकरण आलं तर कोर्टाची परवानगी आणायला लावतात.

आता माझी गोष्ट. पहिल्या सल्लागारानं १५ हजार घेतले आणि सांगितलं, फ्लॅट भावाच्या नावावर बक्षीसपत्र करून टाक, मग अर्ज करू. स्टॅम्पपेपर आणायला निघालोच होतो. शेजारच्या फाउंड्रीवाल्यानं मला दुसऱ्या वकिलांकडं नेलं. म्हातारे गृहस्थ. ते म्हणाले, अर्जाआधीच्या दोन वर्षांतलं असलं फुकटचं हस्तांतरण कोर्ट रद्द करू शकतं, वर तुमची नियत दिसते ती वेगळीच.

त्यांनी तीन फुलस्केप पुढं सरकवले. कुणाचं देणं, कुणाकडून येणं, स्वतःचं काय. तिसऱ्या कागदावर मी बायकोचं मंगळसूत्रही लिहिलं. त्यांनी पेनानं त्यावर रेघ मारली. म्हणाले, धर्मानं जो दागिना बाईला उतरवता येत नाही तो जप्तीतून वगळलाय. अंथरूण-पांघरूण, स्वयंपाकाची भांडीही वगळलीत. मग विचारलं, पतसंस्थेला जामीनदार कोण? म्हटलं, एक मित्र आणि कागलचा मामा, साखर कारखान्यातनं निवृत्त झालेला.

त्यांनी पेनाला टोपण लावलं. "तुम्ही सुटाल. जामीनदार सुटत नाही. पतसंस्था सहकार कायद्यातल्या कलम १०१ चा वसुली दाखला घेऊन मामांच्या दारात जाईल."

त्या संध्याकाळी मी मामाकडं गेलो. त्यानं चहा केला, सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "तू तिकडं गेल्यावर महिन्याला किती पाठवशील?" अर्ज तिथंच संपला. मशीन बँकेच्या संमतीनं विकलं, उरलेल्याचं ओटीएस, म्हणजे बँकेशी एकरकमी तडजोड, केलं. पतसंस्थेचे हप्ते इथनं साडेतीन वर्षं भरले. पहिल्या हिवाळ्यात बूट घ्यायलाही मन होईना, ते सोड.

म्हणून तुझ्या पत्रात मला सगळ्यात जास्त खटकलं ते हे, की जामीनदार कोण हे तू लिहिलंच नाहीस.

तुझ्या जागी मी आधी चेक मिटवेन. कसं का असेना, व्यापाऱ्याला समोर बसवून बोल. केस दाखल झाली असली तरी तडजोड करता येते, आणि लोकअदालतीत केलीस तर त्यावर अपील नाही, विषय संपतो. मग जामीनदारांना बरोबर घेऊन पतसंस्थेत जा, त्यांना मागं ठेवून जाऊ नकोस. बँकेशी ओटीएसचं बोलणं तोंडी झालं तर ते झालंच नाही असं समज. पत्र घे, पैसे भरल्यावर नो ड्यूज घे. सिबिलवर 'सेटल्ड' असा शेरा पडतो, पुढं भारतात घरकर्ज काढताना तो नडतो, हे माहीत असू दे. आणि निघायच्या आधी कुणातरी विश्वासाच्या माणसाला कुलमुखत्यारपत्र करून दे. इथनं करायचं म्हणजे वकिलातीच्या खेपा.

तुला एजंटानं सांगितलेलं "तीन वर्षं तिकडं काढ, कर्ज मुदतबाह्य होतं" हेही डोक्यातनं काढून टाक. मुदतीच्या कायद्यात स्पष्ट आहे, देणेकरी भारताबाहेर असतो तो काळ दावा लावायच्या मुदतीत मोजलाच जात नाही. दहा वर्षांनी परतलास तरी घड्याळ तिथंच थांबलेलं असतं.

अर्ज कधी टाकावा? उद्या ही नोकरी फिसकटली, मशीन गेलं, जामीनदारांचं भागलं आणि तरी कोर्टाचे वसुलीचे हुकूमनामे एकामागून एक येत राहिले, तर बिनधास्त टाक. त्यात लाज कसली. इथं जर्मनीत माणूस साधारण तीन वर्षांत मोकळा होतो आणि शेजारी पाजारी त्याच्याशी नीट बोलतात. आपल्याकडं 'दिवाळं निघालं' म्हणायची ती चव वेगळी, पण कायदा शेवटी त्यासाठीच आहे. आता मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच कोल्हापुरातच आलंय, १८ ऑगस्ट २०२५ पासून, त्यामुळं वर जायची वेळ आली तरी मुंबईची गाडी धरायला नको.

नवीन वकिलाला एकच प्रश्न विचार: आजवर नादारीचे किती अर्ज चालवले, आणि त्यातल्या किती जणांना डिस्चार्ज मिळाला? उत्तर गोलगोल आलं तर चहा पिऊन उठ.

रविवारी तिकडच्या संध्याकाळी सातनंतर फोन कर, मी घरी असतो. तीन याद्या लिहून समोर ठेव. जामीनदारांची नावं वर.