कटिंगची लाल रेषा छापून आली!

प्रश्न : मी घरून कोरलड्रॉवर (डिझाइनच्या सॉफ्टवेअरवर) लग्नपत्रिका करते. पत्रिका कुठे कापायची ते दाखवणाऱ्या कटिंगच्या रेषेचा लेयर (डिझाइनचा वेगळा थर) डोळ्याच्या चिन्हावर क्लिक करून बंद केला होता, तरी ३०० पत्रिकांवर लाल रेषा छापून आली. माझं काय चुकलं? – एक वाचक, कऱ्हाड

उत्तर : ताई, वाचून पोटात कालवलं. माझ्याही हातून एकदा असंच झालंय. मुहूर्त चार दिवसांवर आणि गठ्ठे बांधून तयार. डोळा बंद केला की लेयर पडद्यावरून जातो, छपाईतून जाईलच असं नाही. ऑब्जेक्ट्स डॉकरमध्ये, म्हणजे लेयरची यादी दिसते त्या चौकटीत, त्याच लेयरच्या ओळीत प्रिंटरचं छोटं चिन्ह दिसेल, तो बंद करा. डोळा मात्र उघडाच ठेवा, काम करताना रेषा दिसायलाच हवी.

टेम्प्लेट नव्यानं बांधणार असाल तर गणपती आणि किनार मास्टर लेयरवर टाका, म्हणजे प्रत्येक पानावर आपोआप येतील, आणि त्या लेयरला कुलूप लावा, म्हणजे चुकून काही हलणार नाही. नावं बदलताना किनार दोन मिलिमीटर सरकली तर पडद्यावर कळत नाही, कापल्यावर मात्र लगेच डोळ्यात खुपते. वधू-वरांची नावं, मुहूर्त, स्थळ हा मजकूर वेगळ्या लेयरवर. सोनेरी फॉइल असेल तर तेवढाच भाग आणखी एका लेयरवर, शंभर टक्के काळ्यात. फॉइल दाबायचा ठसा त्यावरूनच बनतो.

लेयरना ‘लेयर १, लेयर २’ ठेवू नका. ‘कटिंग’, ‘फॉइल’, ‘मजकूर’ अशी नावं द्या. आणि प्रेसला पाठवण्याआधी पीडीएफ स्वतः उघडून पाहा.